अस्तराची तारीख

बॅग कोणत्या साली बनली हे सांगणं माझं काम. जुन्या, महागड्या बॅगा विकणाऱ्या दुकानात, मागच्या खोलीत, भिंगाच्या दिव्याखाली मी बसतो. आधी वीस वर्षं फुटपाथवर याच बॅगांच्या चेनी बदलल्या. मालकांचं प्रमाणपत्र भिंतीवर लटकतं. मला असलं काही कोणी दिलं नाही.

एक सूनबाई सासूची बॅग घेऊन आल्या. सासू अंथरुणाला खिळलेली, कालचं आज आठवत नाही. तिचं सगळं करणाऱ्या मावशींनाही त्यांनी ओढत आणलं होतं. आरोप असा, की मावशींनी कपाटातली खरी बॅग लंपास केली आणि नकली ठेवली.

"माझ्या लग्नाच्या फोटोत सासूबाईंच्या हातात ती खरी बॅग आहे. अठ्ठ्याण्णव साल. आता आतला नंबर बघा!"

आतल्या खिशातल्या चामडी पट्टीवर ठसा होता, ०१३१. या कंपनीत पहिला-तिसरा आकडा म्हणजे महिना, दुसरा-चौथा म्हणजे वर्ष. मार्च दोन हजार अकरा.

मालक हसले. "तेरा वर्षं आधीच लग्नाला हजर! नकली आहे. लिहून टाका, मास्तर."

"कागद मिळाला की सरळ पोलीस चौकी," सूनबाई म्हणाल्या. "काय मावशी, आता का दातखिळी बसली?"

मावशी डबा मांडीवर धरून स्टुलावर बसल्या होत्या. "सहा वर्षं तुमच्या सासूबाईंचं हगणं-मुतणं काढलं. तेव्हा नाही कोणी नंबर तपासले."

ठसा काय, शेंबडं पोरही वाचेल. मी बॅग उलटी केली. काठाला नव्या शिवणीशेजारी जुन्या शिवणीची रिकामी भोकं. चिमट्याने अस्तर उचललं, तर तळाला पिवळा चिकट थर. या बॅगांचं अस्तर जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं. कंपनीकडे दिली की ते अस्तर खिशासकट नवं बसवतात, आणि ठसाही नवा येतो.

"बॅग तीच आहे. अकरा साली अस्तर बदललंय. तारीख अस्तराची आहे."

मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "कायमचं गिऱ्हाईक आहे. नकली म्हणायला तुमचं काय जातं?"

"माझं काही नाही. मावशींची अब्रू जाते."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आजच्या कागदावर सही माझी आहे."

सूनबाईंनी कागद वाचला, बॅग काखोटीला मारली. "असं होय! चला मावशी, आईंच्या गोळीची वेळ झाली." माफीचा 'मा'सुद्धा नाही.

मावशी हलल्या नाहीत. "दादा, असाच एक कागद मला द्या."

"तुम्हाला कशाला?" सूनबाईंनी विचारलं.

"पुढच्या घरी विचारतील ना, आधीचं का सोडलं म्हणून."

मी दुसरा कागद ओढला. सूनबाई दारातच थबकल्या. "अहो, पण मग आज आईंचं कोण बघणार?"

"पांढरी गोळी जेवणाआधी," मावशी म्हणाल्या, "आणि कूस दर दोन तासांनी बदला."