किडके बटाटे

बालवर्ग चालवून मला तीस वर्षं झाली. लोकांची शेकडो पोरं बोलती केली, आणि माझा स्वतःचा नातू चार वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टरांनी कान तपासले, म्हणाले, पोर ठणठणीत आहे, मुलांत खेळू द्या.

खेळायचा तो एकीशीच. बालवर्गात झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी. तोंड म्हणून मिटायचं नाही, म्हणून मी तिला टकळी म्हणायचे. खेळातल्या दुकानात हा तराजू धरून बसायचा आणि ही गिऱ्हाईक. लाकडाचे बटाटे हातात घेऊन ओरडायची, "अहो शेठ, किडके देता होय? लाज नाही वाटत?" एक दिवस शेठ चिडले. "नाही किडके!" मी दाराआड उभी राहून ढसाढसा रडले. मग अधूनमधून एखादा नवा शब्द येऊ लागला, मी तो वहीत टिपून ठेवायचे. महिन्याभरात अकरा झाले, सगळे तिच्याशीच बोललेले.

सून म्हणाली, "आई, ती पोरगी त्याला बोलूच देत नाही. उद्या शाळेच्या मुलाखतीला काय तिला सोबत न्यायचं?" मला पटलं. खोटं कशाला बोलू, झाडणाऱ्या बाईच्या पोरीवाचून माझ्या नातवाचं अडतं, हेही मला खुपत होतं. मी टकळीला दुसऱ्या खोलीत बसवलं. तिच्या आईला म्हटलं, "त्याला इतरांचीही सवय होऊ दे." ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." पंधरा दिवसांत तिनं दुसरीकडे काम धरलं आणि पोरीला घेऊन गेली.

नातू रोज तराजू धरून दाराकडे बघत बसायचा. मी सहा पोरं गिऱ्हाईक म्हणून पाठवली. हा ढिम्म! शेवटी एक दिवस मीच पिशवी घेऊन गेले. सूनही बघायला आली होती.

"अहो शेठ, किडके देता होय?" मी टकळीचा सूर काढला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तराजू खाली ठेवला. एकेक बटाटा टोपलीत भरून वर फडकं टाकलं.

"दुकान बंद आहे," तो म्हणाला. स्वच्छ, अख्खं वाक्य.

"आई, बोलला! तुमच्याशी बोलला!" सुनेनं त्याला उचलूनच घेतलं. "लिहा ना, वहीत लिहा आधी!"

आणि मी मेलीनं तारीख घालून लिहिलंसुद्धा.