परमुलखातल्या पोराची कबर

मोठीला दगडावरची जुनी अरबी अक्षरं वाचता यायची, म्हणून जुन्या बंदराच्या खोदकामावर तिला बोलावून घेतलं होतं. घरात ती आणि आई, दोघीच. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. काही वर्षांपूर्वी दूरच्या एका बंदरात तो तापाने गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला तिथेच पुरलं. घरी आली ती फक्त त्याची पेटी. आईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "शेवटची आंघोळ कुणी घातली असेल गं त्याला?" एवढं एकदा विचारलं, आणि मग त्याचा विषयच बंद.

खोदकामावरच्या पत्र्याच्या खोलीत मोठीचं टेबल कायम भरलेलं असे. हिरव्या झिलईची चिनी खापरं, आखाताकडची निळी काच, कुठल्याकुठल्या किनाऱ्यांवरचे मणी. "साऱ्या जगाची खरकटी भांडी आपल्या वाट्याला!" असं खोदकामाचे प्रमुख म्हणायचे.

एके सकाळी भरतीने किनाऱ्याची दरड ढासळली आणि तिच्या पोटातून एक कबर उघडी पडली. उशाशी दगड होता. त्यावरची अक्षरं अरबी, पण कडेची कमळवेल या किनाऱ्यावरच्या पाथरवटांच्या हातची. मोठीने ओल्या ब्रशने माती काढत काढत वाचलं : हा तरुण व्यापारी समुद्रापलीकडून आला होता. इथे त्याचं कुणी नव्हतं. बंदरातल्या लोकांनी त्याला आपला मानून हा दगड बसवला.

हे आईला सांगायलाच हवं, असं तिला वाटलं. तेवढाच जिवाला आधार.

संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं. "बघ आई, परक्या गावातही माणसं असतातच. आपल्या पोरालाही कुणीतरी..."

आईचा घास हातातच राहिला. "दगड बसवला, बरं केलं. पण त्याच्या आईला कुणी कळवलं का? तसं काही लिहिलंय त्यावर?"

"नाही."

"मग ती बिचारी मरेपर्यंत वाट बघत बसली असेल. माझ्या दारात निदान पेटी तरी आली."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मोठीला झालं.

दुसऱ्या दिवशी आई न सांगता खोदकामावर हजर. प्रमुखांनी समजावलं, "आजी, पुढच्या उधाणात ही कबर समुद्रात जाईल. वर टेकडीवर हलवतोय. तुम्ही नका बघू."

"त्याचं इथं दुसरं कोण आहे?" आई म्हणाली आणि कडेला बसली.

हाडं उचलताना ती एकसारखी सांगत होती, "सावकाश रे. मान सांभाळा." एरवी कुणाचं ऐकून न घेणारे प्रमुख निमूटपणे "हो आजी, हो" म्हणत होते.

टेकडीवर जवळच्या मुसलमान वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी दुवा मागितली. आईने मूठभर माती टाकली आणि तिथेच खाली बसली. "बाळा, फार लांब आलास रे," म्हणाली, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडं फुटलं. मोठीला तिला सावरता येईना. दोघीही मातीतच बसून राहिल्या.

पुढे मोठीने भावाला पुरलं त्या बंदराकडे चौकशी केली. उत्तर आलं, की तिथल्या जुन्या दफनभूमीवर आता मालधक्का झाला आहे. ते तिने आईला सांगून टाकलं.

त्यानंतर आई दुपारची टेकडीवर जाऊन बसू लागली. काम सुटलं की मोठी तिला आणायला जाई. एकदा उतरताना आईने विचारलं, "काय गं, ह्याचं नाव काय?"

"दगडाचा तो कोपराच फुटलाय, आई. तुकडा समुद्रात गेला."

आई मोठीच्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबली. "असू दे," ती म्हणाली. "त्याच्या आईला ठाऊक होतं ना."