सूर्यास्ताची दुसरी सीट

मी पृथ्वीगोल बोलतोय. हो, तोच, एका पायावर तिरका उभा असलेला. रोहणा गावच्या शाळेत मोठी स्क्रीन आली तेव्हा मला अडगळीत टाकणार होते. भूगोलाच्या यशोदाबाईंनी निवृत्तीच्या दिवशी मला मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून वर्ध्याला आणलं.

माणसं मोठी गमतीची. हातात अख्खं जग दिलं तरी आधी आपलंच गाव शोधतात. पोरांच्या बोटांनी माझा वर्ध्याकडचा भाग पांढरा पडलाय. समुद्र मात्र अजून कोरा करकरीत.

बाईंनी तीस वर्षं समुद्र शिकवला, पाहिला एकदाही नाही. नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघंच. यंदा दिवाळी सरली आणि त्यांनी मनावर घेतलं: गोव्याला जायचं, बोटीत बसून सूर्य बुडताना बघायचा. मोबाइलवर बोटी पाहू लागल्या. एकीवर नाचगाणी, नको. दुसरी शिडाची, दोन होड्या शेजारी जोडल्यासारखी, संथ. ती पसंत पडली. फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, एकट्याचं बुकिंग घेत नाही. दोन सीट घ्याव्या लागतील."

पुण्याला मुलाला, मिहिरला विचारलं. "आई, मार्चनंतर बघू ना." शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "मले तं तलावाचं पाणी पाहूनच चक्कर येते व माय!"

दोन दिवस बाई मोबाइलवर तीच बोट उघडून बघत राहिल्या. मग दोन्ही सीटा घेतल्या आणि मंदाबाईंना सांगून टाकलं, "मिहिर येऊन राह्यला माह्यासंगं." साफ खोटं! पण मी कुणाला सांगणार?

परत आल्या त्या उन्हाने रापून. मंदाबाई चहाला आल्या, फोटो सरकवत राहिल्या. सूर्य, शीड, पाणी, पुन्हा सूर्य.

"अन् तू कुठं आहे यात?"

"फोटो तं मीच काढून राह्यली होती."

"अन् मिहिर?"

बाईंनी फडकं उचललं आणि मला पुसायला लागल्या. कितीतरी वेळ, एकच जागा. मंदाबाईंचा चहा निवून गेला. त्या उठून गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "दुसऱ्या सीटवर पर्स ठेवली होती रे मी."

मला फार वाईट वाटलं. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. कधी समुद्रावर गेलात आणि एखादी बाई एकटीच सूर्याचे फोटो काढताना दिसली, तर तिचा मोबाइल मागून घ्या. म्हणा, बाई, जरा इकडे बघा.