कड्यावरचं मैदान

ताईने सगळी नोकरी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात काढली होती. तिच्या एका वाक्यावर भरलेली विमानं आकाशात घिरट्या घालत थांबायची. त्यामुळे घरातल्या माणसांना एखादी गोष्ट सांगितली की ती लगेच का होत नाही, हे तिला निवृत्त झाल्यावरही कळत नव्हतं.

तिची भावजय जनावरांची डॉक्टर. ताई तिला नुसतं 'डॉक्टर' म्हणायची. बरं वाटलं की लाडाने, बिनसलं की टोमण्याने. दोघींच्या मधे बाळ्या, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ आणि डॉक्टरचा नवरा. त्याचं सोफे शिवायचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. गोल्फ त्याला कधी समजला नाही. "दांडक्याने अंडं मारायचं आणि मग तेच शोधत उन्हातान्हात हिंडायचं, यात मजा कसली?" असं तो दर वर्षी विचारायचा, आणि दर वर्षी दोघींच्या बॅगा निमूटपणे गाडीत चढवून द्यायचा.

कारण दर वर्षी या दोघी गोल्फ खेळायला समुद्रकाठच्या एका भागात आठवडाभर जायच्या. तिथे एकमेकांच्या जवळ चार मैदानं होती. त्यातली कुठली घ्यायची, आधी कुठलं, मग कुठलं, यावरून जुंपायची ती पार निघायच्या दिवसापर्यंत. खरी सुट्टी तिथूनच सुरू व्हायची.

मागच्या वर्षी जाणं झालं नाही. ताईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, मग घरात नुसतं बसून राहणं. वरच्या फळीवरचा कप काढायला ताईने डावा हात उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना, तो क्षण डॉक्टरने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला होता. ताईला ते कळलं नाही. तिने गुपचूप उजव्या हाताने कप काढला.

यंदाच्या तपासण्या स्वच्छ आल्या. सर्जनबाईंनी सांगितलं, "आता हात मोकळा वापरा. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही ती." ताईने घरात पाऊल टाकताच हुकूम सोडला, "डॉक्टर, बॅगा काढ. या वेळी कड्यावरचं मैदान पहिल्या दिवशी."

कड्यावरचं मैदान सगळ्यात अवघड. एका बाजूला समुद्र, अंगावर येणारा वारा, चढउतार असे की माणूस खेळतोय की डोंगर चढतोय ते समजू नये. डॉक्टर "बघू या" म्हणाली. आणि तिने बघितलं. पण कड्यावरचं नाही, तर सपाट, आखूड, जिथे मैदानावरच्या छोट्या गाडीत बसून फिरता येतं अशी दोन मैदानं. मधे एक दिवस आरामाचा. फोन करून तिने जागाही राखून टाकल्या. ताईला सांगायचं तेवढं राहिलं; खरं तर तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

रविवारी दुपारी ताई आली. डॉक्टर चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात टेबलावर ठेवलेल्या तिच्या मोबाइलवर जागा राखल्याचा मैदानाचा निरोप उजळला. ताईने तो वाचला.

"हे काय आहे?"

"ताई, मी सांगणारच होते."

"हे मैदान आहे का? ही बाग आहे! इथे लोक नातवंडांना घेऊन येतात."

"पहिलंच वर्ष आहे ना. जरा सवय होऊ दे हाताला."

"सवय माझ्या हाताला करायचीय की तुझ्या डोक्याला? मी काय तुझ्याकडे आलेलं म्हातारं कुत्रं आहे? गळ्यात पट्टा घातलास, झालं?"

बाळ्या जिन्यातून वर येत होता. अर्ध्यावर थांबला, कानोसा घेतला आणि आल्या पावली खाली गेला. थोड्याच वेळात खालून शिवणयंत्राची घरघर सुरू झाली. दुकान रविवारी बंद असायचं.

"मला काळजी वाटते, त्यात काय चुकलं?" डॉक्टरचा आवाज चढला. "तुम्हाला काही झालं तर?"

"जे व्हायचं ते होऊन गेलंय," ताई म्हणाली. "आणि माझा सराव चालू आहे रोज. हात फिरतो माझा. मला विचारायची गरज तुला वाटली नाही." पर्स उचलून ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

पुढचे काही दिवस फोन नाही, निरोप नाही. डॉक्टर दवाखान्यात मांजरांना टोचायची, गाईगुरांच्या गोठ्यांवर जाऊन यायची, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. ताई तिच्यावर ओरडायची, चिडवायची, पण अशी गप्प कधी बसली नव्हती. आजारपणात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. आपणही त्यातलेच झालो, हे डॉक्टरला लागलं होतं. एकदा फोन हातात घेऊन तिने परत ठेवून दिला.

फोन शेवटी ताईचाच आला. "शनिवारी सकाळी सराव मैदानावर ये. बाळ्याला आणू नकोस, तो तोंड पाडून बसतो."

डॉक्टर पोचली तेव्हा ताई एकटीच उभी होती. समोर गवताचा लांब पट्टा, त्याच्या मधोमध एक तळं. चेंडूंची बादली पायाशी भरलेली. एकही मारलेला दिसत नव्हता.

"कधी आलात?"

"झाला वेळ." ताईने काठी हातात धरली होती, पण छत्री धरावी तशी. "डॉक्टर, ते सरावाचं मी थाप मारली."



"ऑपरेशननंतर काठीला हात लावला नाही मी. कपाटातून काढायची, पुसायची, परत ठेवायची. मारायला गेले आणि हात वर गेलाच नाही, तर? नाही गेला, तर मग ते कायमचंच झालं ना. त्यापेक्षा न मारलेलं बरं वाटायचं." ती तळ्याकडे बघत होती. "आणि कड्यावरचं मैदान मी मागत होते, म्हणजे तुम्हा सगळ्यांना वाटावं की ही अजून तीच आहे."

 डॉक्टर जवळ येऊन म्हणाली, "मी धरू का कोपराला? नुसतं वर जाईपर्यंत."

"धर," ताई म्हणाली. तिने इतक्या सहज कधी काही मान्य केलं नव्हतं.

चेंडू न ठेवताच दोघींनी तो हात वर नेला. सावकाश. खांद्याच्या रेषेपाशी ताई थांबली, डोळे मिटले. "ओढतंय," ती म्हणाली. मग, "दुखत नाहीये. नुसतं ओढतंय." हात आणखी वर गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर. डॉक्टरने आपला हात काढून घेतला, आणि ताईचा हात तिथेच राहिला.

"बाजूला हो. डोकं फुटेल तुझं."

पहिला फटका चेंडूला लागलाच नाही. गवताचं ढेकूळ उडालं. पुढचा चेंडू बेडकासारखा टुणटुणत गेला. त्यानंतरचा मात्र नीट उचलला गेला, उंच चढला आणि थेट तळ्यात जाऊन पडला. डुबुक असा आवाज आला. ताई काठी तशीच खांद्यावर घेऊन उभी राहिली. मग खाली बसली, गवतावर, आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. डॉक्टर तिच्या शेजारी बसली आणि तिलाही आवरेना. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं तिला वाटत होतं. शेजारी सराव करणारे एक गृहस्थ घाबरून विचारायला आले, "काही लागलं का?"

"लागला!" ताई म्हणाली. "चेंडू लागला!"

मैदानं त्यांनी तिथेच गवतावर बसून ठरवली. सपाट मैदान पहिल्या दिवशी, हे ताईनेच सांगितलं. आरामाचा दिवसही ठेवला. कड्यावरचं शेवटी, तेसुद्धा गाडी घेऊन. "चढावर मी गाडीत बसेन. पण मारताना कोणी कोपर धरायचं नाही."

"आणि ते चौथं, पाइनच्या झाडांमधलं?" डॉक्टरने विचारलं. "तुमच्यासाठी तेही घेऊ या."

"माझ्यासाठी? तुला आवडतं म्हणून जाते मी! मला तर तिथे कोंडल्यासारखं होतं."

"मला? माझे निम्मे चेंडू त्या झाडांत गेलेत, ताई!"

 इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी त्या झाडांत चेंडू हरवत बसल्या होत्या. "खोडून टाक ते!" ताई म्हणाली.

डॉक्टरने लगेच फोन लावला. पलीकडच्या माणसाने कड्यावर सकाळची वेळ आहे, पण वारा फार असतो, असं बजावलं. डॉक्टरने फोन ताईकडे दिला. ताईने घसा साफ केला, आणि मनोऱ्यातल्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात वाऱ्याची दिशा कुठली, वेग किती, सगळं विचारून घेतलं. त्या माणसाचा आवाज नकळत अदबीचा झाला.

फोन बंद करून ती उठली. बादलीत अजून चेंडू होते. "ये, तू पण मार," ती म्हणाली. आणि डॉक्टरने काठी उचलताच, "हे काय धरलंयस? झाडू आहे का तो? अंगठा खाली घे. खाली म्हणते ना!"

डॉक्टरने अंगठा खाली घेतला. असा ओरडा खायला इतकं बरं वाटेल, हे तिला ठाऊक नव्हतं.