बुधवारच्या कप्प्यातली अर्धी गोळी

मित्रांनो, मी गोळ्या ठेवायचा एक जुना डबा आहे. सात कप्पे, सात पारदर्शक झाकणे, आणि त्यांतले एकही मला आतून उघडता येत नाही. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटले होते, जग बघू. बघितले ते काय, तर शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींचे फडताळ!

त्यांच्या मुलीने मला आणले. मिस्त्रींना कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची होती आणि ते हटकून विसरायचे. मी आल्यापासून एक दिवस चुकला नाही. "डबा गुणाचा आहे हो," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी केवढा फुशारलो होतो!

मग मिस्त्रींच्या बायकोला खोकला लागला. तो काही हटेना. टीबी असेल या धास्तीने, शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी खिडकी लावून घेतली. बिचारी त्या बंद खोलीत खोकत होती, वाळत होती. तीही कोंडलेली, मीही कोंडलेला.

अशात मिस्त्रींनी पेपरात वाचले, की कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांना टीबी कमी होतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. झाले! धागा कापायच्या पात्याने ते रोज गोळीचे दोन तुकडे करू लागले. एक स्वतः गिळत, दुसरा बायकोसाठी माझ्यातच ठेवत.

"दवाखान्यात गेलो तर उगाच बोभाटा होईल," ते म्हणत. ती मुकाट्याने गिळायची.

तीन आठवडे मी हे बघितले. ओरडावेसे वाटे, "अहो, आधी थुंकी तपासून घ्या!" पण माझे कोण ऐकणार? नुसता खुळखुळायचो.

रविवारी मुलगी गोळ्या भरायला आली. बुधवारच्या कप्प्यात तुकडा राहिला होता.

"बाबा, ही अर्धी कशी?"

आईच म्हणाली, "माझी आहे गं. त्या दिवशी गिळवेना."

दुसऱ्या दिवशी मुलीने मलाही पिशवीत टाकून दोघांना दवाखान्यात नेले. तपासणीत टीबी निघाला. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "अहो, त्या गोळीने टीबी कमी होतो हे अजून नक्की ठरलेलं नाही! आणि ती काही टीबीवरची गोळी नव्हे. तीन आठवडे फुकट घालवलेत!" घरी आल्यावर मिस्त्रींनी चपला काढायच्या आधी खिडकी उघडली.

आता तिचे औषध सुरू आहे. सहा महिने चालेल. मी आपला फडताळात पडून कान देतो. काल खोकला दोनदाच ऐकू आला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असे मागणे नाही. घरात कुणाचा खोकला दोन आठवडे थांबला नाही, तर लपवू नका, सांगा. माझी झाकणे बाहेरूनच उघडतात. तुमचे तसे नाही.