जुसोहची लेक

"पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठीनं चाचप गं लेकी. नदी हसते तिथंच ती खोल असते."

होडीवाल्या जुसोहचा हा आवाज नदीवरून यायचा. काठावर दिवा धरून उभी असलेली पोर म्हणजे झबेदा. आता तीच पासष्टीला टेकली होती आणि जुसोह कधीच मातीआड झाला होता. पण आज शुक्रवारी सकाळी मोबाइलवर त्याचं नाव उजळलं: "मा. जुसोहबाई, आपला जादा कापलेला कर परत करायचा आहे. आजच लिंकवर बँकेची माहिती भरा."

शाळेत शिकवत होती तेव्हा पगारातून कर कापला जायचा खरा. पण पैशाचं मनात आलं ते नंतर. आधी वाटलं, माझ्या बाबांचं नाव अजून कुणाच्या तरी ओठांवर आहे! सारोंगला हात पुसून तिनं लिंक दाबली. पासवर्ड लिहिला, मग बँकेकडून आलेला गुप्त आकडाही.

ती सागूच्या पिठात मासळी मळायला बसली, तोच तिची मुलगी मझना आईला हाक मारत जिना चढून आली, हसतच.

"माक, गंमत ऐक! मला मेसेज आलाय, 'मा. एम्बोंगबाई, आपला कर परत मिळणार.' बिचाऱ्या माझ्या बाबांना मेल्यावर बाई केलं!"

"म्हणजे?"

"म्हणजे चोर परदेशी आहेत. आपल्या नावामागचं बापाचं नाव त्यांना आडनाव वाटतं. खऱ्या कर कचेरीनं मला 'मझनाबाई' म्हटलं असतं. आपल्यात बाईला बापाच्या नावानं हाक मारतं का कुणी?"

झबेदाच्या हातातली पिठाची वळकटी मधोमध तुटली.

"तू... लिंक दाबलीस?"

"मी काय खुळी आहे? फसवणुकीच्या नंबरवर कळवून टाकलं. ते म्हणाले, कुणी फसलं असेल तर त्याच घटकेला सांगा, बँक पैसे वाटेतच अडवते. उशीर केला की मीठ पडलं समुद्रात." मझनानं तिच्याकडे पाहिलं. "माक, घाम का आलाय तुला?"

"चूल पेटलीय ना."

चूल पेटली नव्हती.

फळीवर मोबाइल थरथरला, बँकेचाच मेसेज असणार. एकदा. पुन्हा. झबेदाला तो बघवेना. वस्तीतल्या बायकांचा मयतीचा फंड तिच्याच खात्यात होता. कफन, कापूर, कबर खणणाऱ्याची मजुरी, सगळं त्यातूनच निघायचं. कुणी अंडी विकून भरायची, कुणी चटया विणून. तोंड उघडलं तर नदीकाठच्या प्रत्येक दारात एकच कुजबूज होईल: मास्तरीण फसली, आमच्या मातीचे पैसे खाल्ले. जणू पुराच्या पाण्यात पाय उतरला होता. तळ लागेना.

"आहेस का गं?" खालून शेजारच्या नाबमावशीनं हाक दिली. ती दम खात वर आली आणि मुठीतल्या चुरगळलेल्या नोटा तिनं पुढे केल्या. "घे बाई, या महिन्याचे. गुडघा म्हणतो, नाब, आता चल. मी म्हटलं, थांब मेल्या, माझं कफन झबेदाकडे आहे, घाई कसली!"

मझना खळखळून हसली. मावशी बोळकं पसरून हसली.

झबेदानं नोटा घेतल्या नाहीत. मोबाइल पुन्हा थरथरला. नदी हसते तिथं... दोघींचं हसू विरलं.

"मझना, तो नंबर लाव."

"कुठला, माक?"

"फसवणुकीचा. लवकर लाव गं!"

पलीकडून बाईचा आवाज आला. नाव काय, विचारलं. पिठाच्या हातातून मोबाइल निसटत होता. झबेदानं तो दोन्ही हातांनी धरला, लहानपणी दिवा धरायची तसा. मावशीच्या नजरेला नजर दिली.

"झबेदा. जुसोहची लेक. मघाशी मी एका खोट्या मेसेजला बळी पडले. पासवर्ड, आकडा, सगळं माझ्याच हातानं दिलं. अडवा हो बाई, ते पैसे माझे नाहीत. ते आमच्या बायकांच्या कफनाचे आहेत."