पाण्याची वेळ

‘गरिबीची कारणे’ या निबंधासाठी मिरचीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेही कुणाच्या हातून? फुलशेठच्या!

मिरची हे काही तिचं हजेरीतलं नाव नव्हे. पण जीभ तिखट आणि राग आला की नाकाचा शेंडा लाल, त्यामुळे गल्लीने एकदा जे नाव चिकटवलं ते चिकटलंच. फुलशेठ म्हणजे कापडी फुलांचा व्यापारी. हॉटेलांच्या भिंतींवर, मोठ्या समारंभांच्या कमानींवर जी कधीच न सुकणारी फुलं दिसतात ना, ती त्याची. म्हणजे नावाला त्याची. पाकळ्या चिकटवायच्या, तारेला हिरवी पट्टी गुंडाळायची, पानं बांधायची, हे सगळं मिरचीच्या गल्लीतल्या बायका घरी बसून करायच्या. मिरचीची आईसुद्धा. तिच्या बोटांची टोकं गोंदाने अशी कडक झाली होती की मिरचीच्या पाठीवरून हात फिरवला तर खरखर आवाज यायचा.

निबंधात मिरचीने पुस्तकातली सगळी कारणं ओळीने मांडली होती. वाढती लोकसंख्या, अशिक्षितपणा, व्यसनं. शेवटी स्वतःच्या डोक्याने एक वाक्य घातलं होतं : ‘गरिबांना वेळेची किंमत कळत नाही.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून ‘छान’ लिहिलं होतं, आणि फुलशेठला तर ते इतकं आवडलं की त्याने आपलं भाषण त्यावरच बेतलं.

“पोरीने लाखातली गोष्ट सांगितली,” तो माईकला जवळजवळ गिळत म्हणाला. “मी यांच्या गल्लीतून जातो. भरदुपारी बायका नळाशी गप्पा मारत बसलेल्या असतात! असं बसून राहिल्यावर पैसा काय छप्पर फाडून पडणार?”

टाळ्या पडल्या. मिरचीनेही वाजवल्या, पण चार वाजवल्यावर हात आपोआप थांबले. कारण त्या भरदुपारी बसणाऱ्या बायकांत तिची आई असायची, आणि आई गप्पा मारत नव्हती, पाण्याची वाट बघत होती.

गल्लीचा नळ म्हणजे लहरी जावई. येईल तेव्हा येईल, आला की सगळ्यांनी धावायचं, आणि रुसून कधी जाईल नेम नाही. कधी सकाळी उशिरा, कधी ऐन दुपारी, कधी पोरं शाळेतून परतताना. घरात कुणी नसलं की त्या दिवशी पिंप कोरडं. लोक म्हणायचे, माणसं वाढली, पाणी पुरत नाही, करणार काय? मिरचीनेही निबंधात तेच लिहिलं होतं.

या नळापायीच आईची नोकरी गेली होती. मोठ्या कपड्यांच्या फॅक्टरीत तिला मशीनवर घेतलं होतं. महिनाअखेरीला ठरलेला पगार, आजारपणाची रजा, सगळं. पण मिरचीचे बाबा परगावी ट्रकवर, मिरची शाळेत. पाणी भरायला मागे कोण? आई दोन-तीनदा पाण्यासाठी थांबली, उशिरा पोचली, आणि सुपरवायझरने तिला गेटवरूनच परत पाठवलं. “तुम्हा लोकांना वेळेची किंमत नाही,” असंही वर ऐकवलं. आई माघारी फिरली. घरी येऊन पुन्हा पाकळ्या चिकटवायला बसली आणि एवढंच म्हणाली, “ही फुलं बरी. पाणी मागत नाहीत.”

आता फॅक्टरीत पुन्हा भरती निघाली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. आई मात्र म्हणत होती, जाणार नाही.

“मग मी थांबते ना घरी!” मिरची म्हणाली होती.

“दहावीचं वर्ष घरी बसून काढणार? पाय मोडून ठेवीन.”

म्हणजे एक तर आईची नोकरी, नाहीतर मिरचीची शाळा. दोन्ही एकत्र हवं असेल तर नळाला विचारा.

बक्षिसाच्या दिवशीच संध्याकाळी मिरची तयार फुलांचं पोतं घेऊन फुलशेठच्या गोदामावर गेली. खोक्यांची भिंत रचली होती. पलीकडून शेठचा आवाज आला, आणि दुसरा आवाज चावीवाल्याचा. चावीवाला म्हणजे रस्त्याखालची पाण्याची झडप उघडणारा माणूस. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून फिरायचा. गल्लीतल्या बायका त्याला ‘दादा, दादा’ करून थकायच्या आणि तो आकाशाकडे बोट दाखवायचा, जणू पाणी वरून ठरतं.

“शेठ, आता सकाळीच सोडत जाऊ का? टाकी तर पहाटेच काठोकाठ भरते. मीही दुपारचा सुटेन.”

“डोकं फिरलंय का तुझं? सकाळी पाणी मिळालं की बाया चालल्या फॅक्टरीत! मग माझ्या पाकळ्या कोण चिकटवणार, तू?”

“बरं, मग दुपारी बारा धरू?”

“ठरवून काही धरू नकोस. वेळ कळली तर तेवढ्यापुरत्या थांबतील. कळली नाही तर दिवसभर थांबतात. आणि थांबल्याच आहेत तर हाताला काम लागतंच, मी देईन त्या भावात. तुझ्या पोराला गोदामात चिकटवलाय तो काय उगाच?”

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी कमी नव्हतं! टाकी भरलेली होती. माणसं जास्त होती म्हणून पाणी पुरत नव्हतं असं नाही, फक्त पाण्याची वेळ कुणीतरी खिशात घालून फिरत होतं. आणि त्याच माणसाने आज सकाळी शाल पांघरून तिच्या पाठीवर थाप मारली होती! तिला पाठ साबणाने घासावीशी वाटली. स्वतःचं ते वाक्य आठवलं तेव्हा तर जीभही.

पोतं तिथे ठेवलंच नाही. तसंच उचलून ती घरी परतली.

“आई, त्याच्या गोदामाला काडी लावूया,” दारातूनच ती म्हणाली. “नाहीतर सगळ्या फुलांवर गोंदाची बादली ओतूया. निदान स्कूटरच्या चाकाची हवा!”

“आधी श्वास घे. काय झालं?”

मिरचीने सगळं सांगितलं. आईचा हात पाकळीवर तसाच थांबला.

“पुन्हा सांग. ते वेळेचं.”

मिरचीने पुन्हा सांगितलं. आईने पाकळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “आणि मी मेली स्वतःला दोष देत होते. वाटायचं, बाकीच्या बाया जमवतात, आपल्यालाच कसं जमत नाही?” तिचे डोळे भरले नव्हते. ते बारीक झाले होते, सुईत दोरा ओवताना होतात तसे. “काडी लावायची नाही. फुलं आपण केलीत, आपलीच मेहनत जळेल. त्याने आपल्याला जे दिलं तेच त्याला द्यायचं.”

“म्हणजे?”

“वाट बघायला लावायची.”

शेजारच्या रेडिओमावशीला बोलावलं. ती एकदा सुरू झाली की बंद होत नसे, म्हणून ते नाव. तिने ऐकून आधी शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग एकदम गप्प झाली, आणि रेडिओ गप्प झाला की घर कसं भकास वाटतं.

“अगं पण त्याने काम बंद केलं तर? माझ्याकडे दुसरं काय आहे?”

“तेच तर मावशी!” मिरची म्हणाली. “दुसरं काही असू नये म्हणूनच तर तो नळ असा चालवतो.”

“तो दुसऱ्या गल्लीत देईल फुलं.”

“मग दुसऱ्या गल्लीत तुम्ही जाऊन सांगा. तुमच्याइतकं लांब कुणाचं प्रक्षेपण आहे?”

मावशीने तिला एक चापट मारली, पदर खोचला आणि निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत बातमी पोचली होती.

शनिवारी हॉटेलचा मोठा माल जायचा होता. दर वेळी बायका सकाळीच डोक्यावर पोती घेऊन गोदामावर रांग लावत. त्या शनिवारी एकही गेली नाही; सगळ्यांची पोती मिरचीच्या घरात रचलेली होती. ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर बिडी ओढून कंटाळला. फुलशेठने आधी माणूस पाठवला.

“पोती कुठायत?”

“येतील,” रेडिओमावशी म्हणाली.

“कधी?”

“ते कसं सांगणार बाबा? येतील तेव्हा येतील. शेठला म्हणावं, गोदामातच थांबा, हलू नका. माल आला आणि तुम्ही नसलात तर गेला!”

थोड्या वेळाने मिरचीने एक पिशवी नेली. पाच-सात फुलं. ट्रकमध्ये ती टाकली तर रिकाम्या हौदात बोराची बी. “एवढंच?” शेठ ओरडला. “आज दाब कमी आहे,” मिरची गंभीर चेहऱ्याने म्हणाली आणि पळाली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिने हसू कसंबसं दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी पिशवी, तीही अर्धी. मग पुन्हा काही नाही.

शेवटी फुलशेठ स्वतः गल्लीत आला. घामाने कॉलर भिजलेली, फोन सारखा वाजतोय. बायका नळाशी बसल्या होत्या, हातात कामही नव्हतं. आईने एक बादली पालथी घातली. “बसा शेठ.”

“बसायला वेळ नाही मला! हॉटेलवाला माझ्या नावाने शंख करतोय!”

“आम्हालाही नव्हता. तरी बसलो. वर्षानुवर्षं.”

“माल द्या नाहीतर पुन्हा एक पाकळी देणार नाही या गल्लीत!”

“द्या की शेजारच्या गल्लीत,” रेडिओमावशी म्हणाली. “मी तिकडूनच आले. तिथल्या बायांनी तुमच्यासाठी पण एक बादली पालथी घालून ठेवलीय.”

शेठने आजूबाजूला बघितलं. मग त्याची नजर मिरचीवर आली. “ही तीच ना, निबंधवाली? अगं, तू तर हुशार मुलगी! समजाव यांना.”

“तेच करतेय,” मिरची म्हणाली. नाकाचा शेंडा लालभडक. “निबंधात एक कारण राहिलं होतं. शाळेत उभं राहून ते वाचून दाखवू का? टाकी पहाटे भरते इथून सुरुवात करते.”

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. तो खरंच त्या बादलीवर बसला. पांढरीशुभ्र पँट, हिरवी गळकी बादली. फोन पुन्हा वाजला, त्याने कापला, आणि दुसरा नंबर लावला. “सोड. आत्ता. हो, आत्ता म्हणजे आत्ता! आणि उद्यापासून पहाटे. रोज.”

जरा वेळाने नळ खोकला, थुंकला, आणि धो धो वाहू लागला. शेठ उठला. “आता पोती?”

“आधी पिंपं,” आई म्हणाली.

आणि बायकांनी सावकाश पाणी भरलं. इतकं सावकाश गल्लीने आजवर कधीच भरलं नव्हतं. एकीने तर हंडा दोनदा घासून घेतला. ड्रायव्हरचा हॉर्न वाजत राहिला. मिरचीला तो हॉर्न इतका गोड लागला की अजून वाजावा, वाजतच राहावा असं वाटलं.

मग आईने निम्मी पोती बाहेर काढली. “उरलेली सोमवारी. उद्या आणि सोमवारी पहाटे पाणी आलं तर.”

“हॉटेलवाला मला कच्चा खाईल!”

“सोमवार म्हटलंय ना मी? सोमवारी मिळतील. आम्ही दिवस तरी सांगतो.”

ट्रक निम्मा रिकामा गेला. त्या रात्री रेडिओमावशी आईजवळ येऊन बसली. “पुढच्या महिन्यात चूल पेटेल ना गं?” तिने विचारलं, तेही हळू आवाजात. आईने तिला फॅक्टरीच्या भरतीचं सांगितलं. मावशी म्हणाली, या वयात मला कोण मशीनवर बसवणार? ते ऐकून मिरचीच्या रागात तेवढी आणखी भर पडली.

रविवारी पहाटे पाणी आलं. सोमवारीही आलं, अंधार पुरता फिटायच्या आत. आईने पिंप भरलं, वेणी घट्ट बांधली, उरलेल्या पोत्यांवर एक जुनी चादर टाकली आणि गल्लीतून ताठ मानेने निघून गेली. मिरची दारात उभी राहून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

दप्तर पाठीला लावून ती बाहेर पडते तोच फुलशेठ हजर. दाढी वाढलेली, आवाज मऊ.

“पोती घ्यायला आलोय, बाळ.”

“माल आईच्या ताब्यात आहे. आई फॅक्टरीत गेली.”

“मग तू दे ना. टेम्पो आणलाय, उभा आहे बघ.”

“मी?” मिरचीने कडी घातली, कुलूप अडकवलं, किल्ली फिरवून ओढून बघितलं. “मला शाळेला उशीर होतोय.”

“अगं पण तिने सोमवार सांगितला होता!”

“हो मग, आज दिवसभर सोमवारच आहे,” ती म्हणाली आणि चालू लागली. कोपऱ्यावरून तिने एकदाच मागे वळून बघितलं. फुलशेठने टेम्पोवाल्याला हाताने थांब अशी खूण केली होती, आणि तो त्यांच्या पायरीवर रुमाल अंथरून बसत होता.